चुकलेलं नाक

दारातच तिनं बाबांना अडवलं आणि त्यांच्या कोटाचे खिसे तपासायला घेतले. शिंप्याकडे माप द्यायला उभं राहावं तसे बाबांनी दोन्ही हात आडवे धरले आणि ते छताकडे बघत राहिले. डाव्या खिशातून रुमाल निघाला, रुमालातून पांढऱ्या रंगाची ट्यूब. उजव्या खिशात दोन बारीक ब्रश. आतल्या खिशात पत्र्याची चपटी रंगपेटी, सिगारेटच्या पाकिटाएवढी.

"मोजे," ती म्हणाली.

"मोज्यात काय ईझल ठेवू?"

तिनं वाकून मोजे चाचपले. उजव्या मोज्यात तिसरा ब्रश होता.

"तो तिथं कसा गेला कोण जाणे," बाबा म्हणाले.

भिंतीला खिळे मारणारे दोघे कामगार खो खो हसले. हसोत बापडे. ज्यांच्या घरी बाबांनी ब्रश चालवला होता, त्यांना मात्र कधी हसू आलं नव्हतं. बाबांचं चित्र मुळी पूर्णच व्हायचं नाही. विकलं गेलं, फ्रेम झाली, परक्याच्या भिंतीवर वर्षानुवर्षं टांगलं गेलं, तरी त्यांच्या मते त्याचं अजून थोडं बाकी असायचं. कुणी कौतुकानं जेवायला बोलवावं, तर हे हात धुवायला म्हणून उठायचे आणि दिवाणखान्यात जाऊन आपल्याच चित्रावर तुटून पडायचे. यजमान शोधत येईपर्यंत आकाशाचा रंग पालटलेला. चित्रकारांच्या वर्तुळात त्यांचं नावच 'अजून थोडं' असं पडलं होतं, आणि ते प्रेमानं पडलंय अशी त्यांची ठाम समजूत होती.

निस्तरायचं काम लेकीचं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजायचा, पलीकडून कुणीतरी शक्य तेवढ्या सभ्यपणे ओरडायचं, आणि ती टर्पेंटाइनची बाटली न्‌ मऊ कापड पिशवीत टाकून निघायची. जुन्या चित्रावर वॉर्निशचा थर असतो. त्याच्यावर चढलेला ओला रंग वेळेत पुसला, तर अलगद निघून येतो आणि खालचं चित्र जसंच्या तसं हाती लागतं. एकदा वाळला की मग कपाळाला हात. हे सगळं ती कुठल्या शाळेत शिकली नव्हती. बापानं केलेलं पुसता पुसता शिकली होती. लग्न, नोकरी, स्वतःचं घर, सगळं त्या पुसण्यात राहून गेलं, आणि त्याबद्दल ती कुणाशी चकार शब्द बोलायची नाही.

आता हे शेवटचं, मोठं प्रदर्शन. कलादालनाच्या संचालिका बाईंनी उभ्या आयुष्याची चित्रं घरोघरून उसनी मागून आणली होती, आणि प्रत्येकाला शब्द दिला होता की चित्रकार एकटा चित्राजवळ जाणार नाही. तो शब्द पाळायचा कुणी, तर अर्थात लेकीनं. तिनं ब्रश, ट्यूब न्‌ पेटी ऑफिसच्या कपाटात टाकून कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये ठेवली आणि बाबांच्या दंडाला धरून आत नेलं.

बाईंनी एकेका प्रदर्शनाला एकेक खोली दिली होती. पहिली खोली युद्धानंतरच्या त्या पहिल्या प्रदर्शनाची. छापखान्याच्या माडीवर भरलेलं ते प्रदर्शन. खाली यंत्रं सुरू झाली की वर सगळी चित्रं तिरकी व्हायची. दुसरी खोली शेजाऱ्यापाजाऱ्यांची: घरमालकीण, दूधवाला, समोरच्या घरातला लंगडा कुत्रा. तिसरीत सगळीकडे दुसरी बायको, पिवळ्या कपड्यांत, कधी कपड्यांशिवाय. चौथीत दुसरी बायको निघून गेल्यानंतरच्या रिकाम्या खुर्च्या. त्या खुर्च्यांनीच बाबांना नाव मिळवून दिलं. मग सगळेच वर्तुळं न्‌ रेघा काढत होते त्या काळातली वर्तुळं न्‌ रेघा, ज्यांच्याकडे तेव्हाही कुणी ढुंकून पाहिलं नाही. आणि शेवटी आठवणीतून काढलेले डोंगर, जे मुळात कधी पाहिलेलेच नव्हते.

एवढ्या खोल्यांमध्ये लेक कुठेच नव्हती. लहानपणी तिनं एकदा विचारलं होतं, बाबा, माझं काढा ना. बाबांनी तिची हनुवटी धरून तोंड इकडे वळवलं, तिकडे वळवलं, आणि सोडून दिलं. "तुझ्या चेहऱ्यात धरायला काही नाही गं," ते म्हणाले होते. रागानं नव्हे, खिडकीबाहेर बघून पाऊस नाही म्हणावं तसं. त्या आठवड्यात त्यांनी लंगडा कुत्रा काढला. तो कुत्रा पुढं दोन प्रदर्शनांत होता.

पहिल्या खोलीतला मधला खिळा अजून रिकामा होता. तिथं यायचं चित्र म्हणजे 'खिडकीपाशी बसलेली'. त्यात तिची आई होती.

आई गेली तेव्हा ती नीट चालायलाही लागली नव्हती. घरात आईचा एक फोटो नाही, कारण बाबांना फोटोचा तिटकारा. विचारलं की म्हणायचे, "तुझी आई ना, ती चित्रात आहे." आणि चित्र कुठं होतं? पहिल्या प्रदर्शनात विकलं गेलेलं एकुलतं एक चित्र तेच. एका कारखानदारानं घेतलं. वर्षभरातच बाबा त्याच्या घरी जाऊन चित्रावर चढले, कारखानदारानं त्यांना गचांडी धरून बाहेर काढलं, आणि त्या घराचं दार सगळ्या कुटुंबाला कायमचं बंद झालं. मोठी झाल्यावर ती तीनदा त्या दाराशी जाऊन उभी राहिली. तिन्ही वेळा नोकरानं परत पाठवलं. आईचा चेहरा शहरातल्या एका भिंतीवर होता, आणि ती तो न बघता म्हातारी व्हायला आली होती.

कारखानदार मेला, तेव्हा ती चौथ्यांदा गेली. या वेळी दार त्याच्या बायकोनं स्वतः उघडलं. थकलेली, जाड भिंगांचा चष्मा लावलेली बाई. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि डोळ्यांत पाणी आणलं.

"पोटच्या पोरीला आई दाखवायची नाही, म्हणजे माणूस म्हणायचा की कोण," त्या आपल्या मेलेल्या नवऱ्याबद्दल म्हणाल्या. "घेऊन जा, बाळ. प्रदर्शन संपेपर्यंत ठेव. पण परत दे हं. सकाळी उठले की मी पहिलं तिच्याशी बोलते. या घरात दुसरं कोण बोललंय माझ्याशी?"

तिला तेव्हाच चित्र बघायचं होतं, पण संचालिका बाईंचं पत्र आल्यावरच ते पेटीत बंद करून ठेवलेलं होतं. कारखानदारानं चित्राचा फोटोही कधी कुणाला काढू दिला नव्हता, त्यामुळे प्रदर्शनाच्या पुस्तिकेत नुसतं नाव होतं.

पेटी दुपारी आली. मागच्या खोलीत, जिथं सगळी रिकामी खोकी रचली होती, तिथं कामगारांनी फळ्या उचकटल्या, आतलं कापड काढलं, आणि चित्र तिच्या हातात दिलं. चित्र फार मोठं नव्हतं. तिनं ते खिडकीकडे वळवलं.

एक तरुण बाई मांडीवर शिवण घेऊन बसली होती, आणि शिवण सोडून समोर बघून हसत होती. नाक जरा वाकडं, एका बाजूला कललेलं. वरचा ओठ आखूड, त्यामुळे दात दिसत होते. काढणाऱ्याचं सगळं बिंग ठाऊक असल्यासारखी हसत होती. लेकीला रडू आवरेना. कामगार शहाणे, ते खिळ्यांचा डबा शोधायला म्हणून बाहेर गेले. पोटभर रडून झाल्यावर तिनं चित्र जवळ धरलं आणि त्यात स्वतःला शोधायला लागली. कपाळ पाहिलं. भुवया पाहिल्या. कान, जिवणी, हनुवटी. कुठंच काही जुळेना. ही हसरी बाई तिची कुणी लागत होती, हे केवळ बाबा म्हणतात म्हणून.

"नाक चुकलंय," मागून बाबा म्हणाले.

"बाबा, याला हात लावायचा नाही."

"तेव्हाही मला कळलं होतं, चुकलंय. ती बसायचीच नाही धड. सारखी हालायची, बोलायची, हसायची. मी कुठं लावू नाक?"

"याला हात लावलात, तर मी घर सोडून जाईन. खरंच जाईन."

"मग जेवण कोण करणार?" बाबांनी मनापासून विचारलं.

तिनं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि त्यांना बाहेर काढायला हात पुढं केला. बाबा जागचे हलले नाहीत. ते तिच्याकडे बघत होते. असं त्यांनी कधी बघितलं नव्हतं. डोळे बारीक करून, मान किंचित तिरकी करून. ज्या नजरेनं ते घरमालकिणीकडे, पिवळ्या कपड्यांकडे, कुत्र्याकडे बघायचे, त्या नजरेनं.

"रडल्यामुळे असेल," ते म्हणाले. "पण चेहरा आलाय आज तुझा. बस तिथं. खिडकीशी."

"म्हणजे?"

"म्हणजे काढतो तुला. राहूनच गेलं बघ. जा, पेटी घेऊन ये. प्रकाश जाईल."

आता कुणीही सांगेल, की हिनं नाही म्हणायला हवं होतं. चित्रांनी भरलेल्या इमारतीत या माणसाच्या हाती ब्रश द्यायचा नाही, एवढंच तर तिचं काम होतं. पण पोरीचे पाय केव्हाच ऑफिसकडे निघाले होते. तिनं कपाटाचं कुलूप उघडून पेटी न्‌ ब्रश काढले. तिथल्या छोट्या आरशात तिनं केस सारखे केले, तोंडावरून ओला रुमाल फिरवला, मग रडल्यामुळे चेहरा आलाय हे आठवून रुमाल घाईघाईनं खाली ठेवला.

ती परत आली तेव्हा बाबांनी कुठूनसा एक ईझल ओढून घेतला होता आणि त्याच्यावर कॅनव्हास चढवून ते पलीकडे बसले होते. तिच्याकडे कॅनव्हासची पाठ होती. जुनाट, चहासारखी तपकिरी पाठ, कडेला गंजलेले खिळे. बाबांचे सगळे कॅनव्हास तीच ताणून द्यायची. नवं कापड कसं दिसतं आणि जुनं कसं, हे तिला झोपेतही कळलं असतं. पण तिनं वळून भिंतीकडे पाहिलं नाही. जुना एखादा कॅनव्हास सापडला असेल, असं ती मनाशी म्हणाली, पेटी बाबांच्या हातात दिली, आणि खिडकीशी बसली.

"तोंड प्रकाशाकडे. हनुवटी वर. एवढी नको. हां."

ती बसून राहिली. पाठीला रग लागली, मानेत कळ आली, नाकाच्या शेंड्याला खाज सुटली. ती हलली नाही. बाबा मध्येच ब्रश तोंडात धरत होते, मध्येच गुणगुणत होते. ते गुणगुणतात हे तिला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं त्या आवाजासमोर दुसरं कुणीतरी बसलेलं असायचं.

"बरी बसतेस," बाबा म्हणाले. "तुझ्या आईपेक्षा बरी."

तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आनंद झाला तिला, लपवण्यात काय अर्थ आहे. मेलेल्या आईवर मात केल्याचा आनंद झाला.

"अजून थोडं," बाबा म्हणाले. "अजून थोडं... झालं."

ते उठले, ब्रश तसेच टाकले आणि हात धुवायला गेले. ती कमरेवर हात ठेवून कशीबशी उभी राहिली आणि ईझलला वळसा घालून पुढं आली.

मांडीवर शिवण होती. खिडकी होती. गळपट्टीची शिलाई, केसांची सुटलेली बट, सगळं होतं तसं होतं. आईचा चेहरा तेवढा नव्हता. त्या जागी ती स्वतः होती. वय उतरवलेलं, गाल भरलेले, पण नाक तिचं, हनुवटी तिची, मिटलेले ओठ तिचे. डोळे नुकते रडून थांबलेले. रंग ओला होता आणि चमकत होता.

बाबा हात पुसत आले.

"काय केलंत हे?" ती म्हणाली. तिला मोठ्यानं ओरडायचं होतं, पण आवाज एवढासाच निघाला.

"नाक नीट केलं. मग बाकीचं जुळेना, तेही केलं."

"ती आई होती माझी."

"हो ना. नुसती तुझी आई होती," बाबा समजावणीच्या सुरात म्हणाले. "आता चित्र झालं." आणि दमलेल्या पावलांनी ते चहा शोधत निघून गेले.

पिशवीत बाटली होती, कापड होतं. तिनं बाटली उघडली, कापडाचा बोळा भिजवला. तासाभराचं काम होतं आणि ते तिच्याइतकं चांगलं कुणाला येत नव्हतं. वाकडं नाक, दिसणारे दात, सगळं बिंग ठाऊक असल्यासारखं हसू, सगळं त्या ओल्या रंगाच्या खाली सुखरूप होतं. आधी कपाळ पुसायचं, मग गाल, ओठ सगळ्यात शेवटी. तिनं बोळा कपाळापर्यंत नेला.

आणि तिला दिसलं, की चित्र चांगलं झालंय. डोंगर नि वर्तुळं सोडा, खुर्च्यांपेक्षाही चांगलं. म्हाताऱ्यानं त्या चेहऱ्यात काही धरलं होतं. काय धरलं होतं ते तिला सांगता आलं नसतं, पण होतं. म्हणजे तिच्यात ते होतं. आज ना उद्या कुणाच्या लक्षात यावं असं, इतकी वर्षं होतं.

बोळा हातातच सुकत गेला. बाहेर कामगारांनी शिडी सरकवल्याचा आवाज झाला. तिनं बाटलीचं बूच लावलं.

"ताई, हे एवढंच राहिलं," एक कामगार दारातून म्हणाला. "लावू ना?"

"लावा. कडेनं धरा. साफ केलंय, समोर बोट लावू नका."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उद्‌घाटन झालं. गर्दी होती, भाषणं झाली. बाबा एका कोचावर बसून जो येईल त्याला खुर्च्यांच्या चित्रांतल्या चुका सांगत होते. पण लोक थांबत होते ते पहिल्या खोलीत. एक जाडजूड समीक्षक चित्रासमोर उभा राहून मोठ्यानं म्हणाला, की या माणसानं सुरुवातीलाच शिखर गाठलं, पुढं नुसती उतरण. संचालिका बाईंनी लेकीला कोपराला धरून गर्दीतून पुढं आणलं.

"बघा, बघा! आई आणि मुलगी! एक झाकावी न्‌ दुसरी काढावी!"

लोक चित्राकडे बघत, मग तिच्याकडे बघत. जन्मात इतक्या माणसांनी तिच्याकडे बघितलं नव्हतं.

"असं म्हणतात खरं," ती म्हणाली, आणि लाजली.

कारखानदाराची बायको उशिरा आली. काठी टेकत, कडेकडेनं. लोकांनी वाट करून दिली. चित्राच्या मालकीणबाई, असं कुणीतरी कुजबुजलं. त्या चित्रासमोर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आधीच हसू होतं, ओळखीच्या माणसाला भेटायला जाताना असतं तसं. ते हसू थोडा वेळ तिथंच राहिलं आणि मग त्याला काय करावं कळेनासं झालं.

"ही ती नव्हे," त्या म्हणाल्या.

लेक पुढं झाली. बाईंनी चित्राला लावायला हात उचलला होता. तिनं तो वाटेतच आपल्या दोन्ही हातांत घेतला. बघणाऱ्यांना ते फार हृद्य वाटलं.

"काकू, साफ केलंय ते. किती वर्षांची काजळी होती वर."

"काजळी नाही गं, बाळ. ही हसत नाहीये. आमची हसायची."

"काजळीनं तसं वाटत असेल."

"दात दिसायचे तिचे. आणि नाक..." बाईंनी स्वतःच्या नाकाशी बोट नेलं, ते एका बाजूला नेलं, आणि अर्ध्यात थांबल्या. आजूबाजूचे लोक ऐकत होते. संचालिका बाईंच्या कपाळाला आठी पडली. "रोज बघायचे मी तिला."

अजूनही वेळ गेली नव्हती. रंग पुरता वाळला नव्हता, आणि हे त्या खोलीत फक्त तिलाच माहीत होतं. हातातला म्हातारा हात थंड होता न्‌ हलका होता.

"काकू," ती अगदी मायेनं म्हणाली, "माझ्याकडे बघा. मी तिची मुलगी ना?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग चित्राकडे. मग पुन्हा तिच्याकडे. चष्मा काढला, पदराच्या टोकानं भिंगं पुसली, परत लावला.

"हो गं," त्या हळूच म्हणाल्या. "अगदी तूच."

"बघा."

"मग मी इतकी वर्षं..." आपण काही भलतंच बोलून गेलो, सगळ्यांसमोर बोलून गेलो, हे त्यांना कळलं आणि त्या ओशाळल्या. "वय झालं, बाळ. आता डोळ्यांवरही भरवसा नाही न्‌ डोक्यावरही. राग मानू नकोस. तुझ्या आईला मीच विसरले."

"होतं असं," ती म्हणाली, आणि बाईंना बसायला खुर्ची आणून दिली, चित्राच्या अगदी समोर.